आईची नडगी आणि कमरेतली मज्जा

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची आहे, गावी शेती करते. दहा महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या धडकेत तिची नडगी मोडली, रॉड घातला. जखम भरली, पण हाड जुळलेलं नाही. आमचे डॉक्टर कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिथे सोडू म्हणतात. दुसऱ्या दवाखान्यात पीआरपीची तीन इंजेक्शनं ‘स्टेम सेल उपचार’ म्हणून सुचवली. दोन्ही एकच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, एक नाही. रक्त मशीनवर फिरवून त्यातल्या प्लेटलेट गोळा केल्या की पीआरपी तयार होतं. प्लेटलेटमधली द्रव्यं आजूबाजूच्या पेशींना कामाला बोलावतात. हाड घडवणारी पेशी मात्र त्यात नसते. एक्स-रेत मोडलेल्या टोकांवर नवं हाड मुळीच दिसत नसेल, तर बोलावायला तिथे फारसं कुणी उरलेलं नसतं. म्हणून पीआरपीला स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, म्हणणं मला चूक वाटतं.

मज्जेत त्या पेशी असतात, पण लाखात फार तर दहा. म्हणून काढण्याची रीत फार महत्त्वाची. एकाच जागी मोठी सिरिंज भरली तर नुसतं रक्त येतं. मी दोन-चार मिलिलिटर घेते, सुई सरकवते, पुन्हा घेते. सिरिंजमध्ये चरबीचे बारीक थेंब चकाकले की जीव भांड्यात पडतो. मग ती मज्जाही मशीनवर फिरवून दाट करायची.

फ्रान्सचे अस्थिरोगतज्ज्ञ फिलिप एर्निगू यांनी २००५ साली, न जुळलेल्या नडगीत अशी मज्जा सोडलेल्या ६० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ५३ जणांचं हाड जुळलं. उरलेल्या ७ जणांना मिळालेल्या मज्जेत या पेशी कमी होत्या. त्या ६० पैकी कुणाच्याही हाडात जंतुसंसर्ग नव्हता, हेही लक्षात घ्या. तेव्हा आईंचं ईएसआर, सीआरपी (जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि साखर आधी तपासून घ्या. रॉड ढिला असेल तर तो आधी पक्का करावा लागेल.

आणखी एक विचारते, राग मानू नका. आई मिश्री लावतात का? ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की आमच्या बायका ठामपणे नाही म्हणतात; मिश्री त्या तंबाखूत धरतच नाहीत. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाचं रक्त तुटतं. कमरेत सुई जाण्याआधी ती डबी बंद व्हायला हवी. घरात मिश्री भाजून कोण देतं, त्यांनाही सांगा.