पक्ष सोडू की मंडळी?

"दादाच्या पक्षाचं नाव ऐकलं की प्रार्थनेतून मन उडतं. मी राजकारणच सोडू का?" हा प्रश्न 45 वर्षांच्या एका ख्रिस्ती विश्वासणाऱ्याचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विरोधी पक्षातल्या थोरल्या भावाशी 5 महिने अबोला. दोघं एकाच मंडळीतले (चर्चमधले), पण प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर-द्राक्षारस घेण्याच्या) रविवारी हा मधूनच उठून निघून जायचा. खरी काळजी इथेच. भांडण प्रभूच्या मेजापर्यंत आलं की ते नुसतं राजकारणाचं राहत नाही.

पक्ष सोडायची घाई नको, हे त्याला आधी सांगितलं. येशूच्या बारा शिष्यांत राज्यकर्त्यांसाठी कर गोळा करणारा जकातदार मत्तय होता आणि ‘जिलोत’ (रोमी सत्तेचा कडवा विरोधक) म्हटला जाणारा शिमोनही. त्या दोघांची राजकीय मतं जुळत असतील असं वाटत नाही, तरी मेज एकच होतं. रोमी सम्राटाला, म्हणजे कैसराला, कर द्यावा का, यावर येशूचं उत्तर होतं ‘कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला’ (मार्क 12:17). याचा अर्थ अनेक जण निम्मी-निम्मी वाटणी असा घेतात: रविवार देवाचा, बाकी आठवडा पक्षाचा. पण नाण्यावर कैसराचा चेहरा होता, आणि माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती 1:27). म्हणजे कर कैसराला, माणूस मात्र अख्खा देवाचा.

पहिलं काम 7 दिवसांच्या नोंदीचं. वहीत दोन रकाने: बातम्या-वादविवाद-फॉरवर्ड एकीकडे, प्रार्थना-वाचन दुसरीकडे. त्याचा अंदाज होता रोज अर्धा तास. फोनने दाखवले 2 तास 10 मिनिटं. प्रार्थना 12 मिनिटं. या आकड्यांनी लाज वाटते, पण लाजेतून काही सुटत नाही. बघायची ती वेळ. तो अंथरुणातच फोन उघडत होता, त्यामुळे प्रार्थनेला बसताना डोकं आधीच तापलेलं असायचं. म्हणून बदलला तो फक्त क्रम: आधी प्रार्थना, मग फोन.

पुढे नावबदलाची कसोटी. आपल्या नेत्याचं एक वाक्य घ्यायचं, त्याखाली विरोधी नेत्याचं नाव लिहायचं आणि पुन्हा वाचायचं. आधी पटलेलं तेच वाक्य आता खटकलं, तर आपल्याला पटलं होतं ते वाक्य नव्हे, माणूस. लोक यासाठी सोपी वाक्यं निवडतात. म्हणून स्वतः पुढे पाठवलेलीच घ्यायला लावावी. त्याने 5 आणली, 3 खटकली.

सर्वांत जड जाते ती 1 तीमथ्य 2:1-2 ची, अधिकाऱ्यांसाठी करायची प्रार्थना: 14 दिवस विरोधी नेत्याचं नाव घेऊन. पण "त्याला सद्बुद्धी दे" हा हात जोडून मारलेला टोमणा आहे. आपल्या माणसासाठी मागतो तेच मागावं: आरोग्य, घरच्यांचं सुख, वाईट सल्ल्यापासून रक्षण. चौथ्या दिवशी त्याने सोडून दिलं. बहुतेकांचं असंच होतं. अशा वेळी प्रार्थना एका वाक्यावर आणावी, पण चुकवू नये.

मग भाऊ. मत्तय 18:15 प्रमाणे दोघांनीच भेटायचं. बायका नकोत, पाळकसाहेबही नकोत. 40 मिनिटं. प्रत्येकाने 10 मिनिटं बोलायचं. ऐकणाऱ्याने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. पहिली भेट फसली, कारण ‘सांगणं’ उलटतपासणी झाली. दुसऱ्या वेळी प्रश्न विचारायलाच बंदी केली.

दरम्यान तो दुसऱ्या टोकाला गेला: "आता मतदानच नको." हे भक्तीसारखं दिसतं, पण नाथान संदेष्टा दावीद राजाचं पाप त्याच्या तोंडावर बोलला होता (2 शमुवेल 12), घरी बसला नव्हता. 1934 मध्ये जर्मनीत बार्मेन इथे जमलेल्या मंडळ्यांनीही नाझी विचार चर्चमध्ये घुसत असताना मौन धरलं नाही. चर्चला ऐकायचं आहे ते येशू ख्रिस्त हे देवाचं एकमेव वचन, असं त्यांनी जाहीर केलं.

तो अजून त्याच पक्षात आहे. एका बैठकीत त्याने स्वतःच्याच नेत्याच्या एका विधानाला हरकत घेतली, तर त्याला ‘पलीकडचा’ म्हणून हिणवलं गेलं. भाऊ फॉरवर्ड पाठवायचा थांबलेला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला दोघं दोन बाकं सोडून बसले होते. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.