वजन उतरलं, आता ओझं उचलू का?

"डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिन्यात कामाला लागा. पण मॅडम, माझं काम टेबलखुर्चीचं नाही." वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि अंगमेहनतीवर पोट असलेल्या लोकांकडून समुपदेशक म्हणून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या चार शब्दांतच पुढचं कळतं. रुग्णांची कूस बदलणारी परिचारिका, गवंडी, रात्रभर उभा असणारा सुरक्षारक्षक. टाके सुकलेले असतात, रिपोर्ट चांगले असतात, आणि रुजू व्हायची तारीख जवळ आली की झोप उडते.

त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ते गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचे. चाळिशी ओलांडलेली, शस्त्रक्रियेआधीचं वजन १३८ किलो. त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केलेली. माझ्याकडे आले तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. हातात पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने आडव्या रेघा. दर पंधरा मिनिटांनी पाणी एक रेघ खाली गेलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब. बोलता बोलता थांबायचे, दोन घोट घ्यायचे, झाकण घट्ट लावायचे आणि सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे.

"मला जमणार नाही," म्हणाले.

"किती उचलायची परवानगी आहे?"

"सहा आठवडे होईपर्यंत पाच किलोच्या वर नाही. मग हळूहळू वाढवायचं."

"मग पहिल्या दिवशी सुपरवायझरना हेच सांगायचं. समजा, मी सुपरवायझर आहे. सांगा."

प्रोटीन किती ग्रॅम, कोणती गोळी कधी, हे सगळं घडाघडा म्हणून दाखवणारा हा माणूस. पण ते एक वाक्य काही तोंडातून निघेना. तीनदा सुरुवात केली. चौथ्यांदा मान खाली घालून म्हणाले, "त्यापेक्षा मी उचलतोच ना."

ते भीत होते ओझ्याला नव्हे, त्या वाक्याला. आम्ही दोघं तोवर भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारात घडलेली, म्हणजे 'असंच व्हायला हवं' हे मनातले हट्टी विचार तपासून बदलायची पद्धत. माणसाच्या बोलण्यातला 'च' मी लगेच पकडते. 'मला उचलायलाच हवं' हे कागदावर लिहून त्या 'च'भोवती गोल काढला. त्यांनी समजून मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात तेवढीच काळजी घेऊन परत आले. पटणं आणि आत उतरणं यात अंतर असतं. अशा वेळी तोच मुद्दा पुन्हा न सांगता माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारावं, हे मी अनुभवातून शिकलेय.

मी विचारलं, "कामावर तुम्हाला काय म्हणतात?"

"पैलवान." पहिल्यांदा हसले. मग बराच वेळ गप्प. "शाळेत जाड्या म्हणायचे. गोदामात लागलो, पहिल्याच दिवशी दोघांचं ओझं एकट्याने उचललं. तेव्हापासून पैलवान. अंग तेच होतं, मॅडम."

ज्या अंगाची आयुष्यभर टिंगल झाली, त्याच अंगाने या माणसाला मान मिळवून दिला होता. गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला, म्हणून ते अंग कमी करणं भागच होतं. पण किलो उतरतील तसा तो मानही उतरेल, असं त्यांच्या मनाने गणित मांडलं होतं. हे ध्यानात आलं आणि पुढची वाट दिसली.

पुढच्या बैठकीत सहज विचारलं, "ट्रक भरताना आधी काय ठेवतात?"

ते खुर्चीत पुढे सरकले. माझ्या टेबलावरच्या फायली, पेपरवेट, टिश्यूचं खोकं, सगळं जवळ ओढलं. शेवटी उतरवायचा माल सगळ्यात आत, पहिल्यांदा उतरवायचा दाराशी. जड खाली, हलकं वर. डाव्या-उजव्या बाजूला भार सारखा, नाहीतर वळणावर गाडी झुकते. काचेचा माल कधी आडवा घालायचा नाही. ओलावा धरणारी खोकी कशी ओळखायची, हे सांगताना टिश्यूच्या खोक्याचा कोपरा अंगठ्याने दाबून दाखवला. वीस मिनिटं बोलत होते. एवढ्या वेळात बाटलीला हात लावला नाही. मीच आठवण करून दिली.

त्यांनी झाकण उघडलं तेव्हा विचारलं, "आत्ता सांगितलंत, त्यातलं किती किलो ऑपरेशनमध्ये गेलं?"

घोट तोंडातच राहिला. मग गिळून, हळू आवाजात, "काहीच नाही."

ते वाक्य त्या दिवशी त्यांनी मला, म्हणजे सुपरवायझरना, पहिल्या झटक्यात सांगितलं. "पोटाचं ऑपरेशन झालंय. पाच किलोच्या वर अजून उचलायचं नाही. तोवर भरणी बघतो आणि चलन तपासतो." मी काही शिकवलं नव्हतं, शेवटची ओळ त्यांचीच. इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावरही अशा क्षणी मला फार बरं वाटतं.

ज्यांच्यासमोर हाच प्रश्न आहे त्यांना थोडं सविस्तर सांगते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाहेरचे छेद बोटाच्या पेराएवढे असतात, पण त्याखाली पोटाच्या भिंतीचे थर आतून भरायला वेळ लागतो. घाईने जड उचललं तर तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणून बैठं काम दोन-तीन आठवड्यांत जमलं तरी जड कामाला साधारण चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तारीख तुमच्या सर्जननी ठरवायची, शेजारच्यांनी नाही. किती किलो आणि कधीपर्यंत, हे प्रमाणपत्रावर आकड्यात लिहून मागा. नुसतं 'हलकं काम' लिहिलेलं असलं की प्रत्येकजण सोयीचा अर्थ काढतो. जमलं तर पहिला आठवडा अर्ध्या पाळीचा घ्या.

झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. कष्टकरी माणसाला हे सगळ्यात आधी जाणवतं, आणि तो समजतो आपण संपलो. आपण संपलेलो नसतो, स्नायूंना खुराक कमी पडत असतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन आणि परवानगी मिळाल्यावर ताकदीचे व्यायाम, यात टाळाटाळ नको. पाणी दिवसभर घोट घोट, पण जेवणासोबत नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. घाम गाळणाऱ्यांनी ही दोन्ही वेळापत्रकं सुट्टीच्या वेळेशी आधीच जुळवून घ्यावीत, कारण पाच मिनिटांत डबा संपवायचे दिवस आता गेले. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या जुन्या गोळ्या पूर्वीच्याच डोसात चालू असतील तर वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रुजू होण्याआधी डोस तपासून घ्या. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनाने घेऊ नका. अल्सरचा धोका असतो, जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना तर जास्तच. उंचीवर काम करणाऱ्यांनी सुरक्षापट्टा पुन्हा मापाला लावून घ्यावा, सैल पट्टा म्हणजे पट्टा नसल्यासारखाच. आणि सतत उलट्या, ताप, वाढतं पोटदुखणं, बसल्या जागी छातीत धडधड यातलं काहीही झालं तर पाळी संपायची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

सहकाऱ्यांना सांगायचं का, हे तुम्हीच ठरवायचं. 'पोटाचं ऑपरेशन' एवढं खरं सांगणं पुरेसं आहे. 'सोपा मार्ग निवडलास' हे ऐकायची तयारी नसेल, तर पूर्ण हकीकत सांगायची कुणावर सक्ती नाही.

सात महिन्यांनी ते भेटायला आले. वजन ९६. ओझं उचलतात, पण दोघांचं एकट्याने नाही. ट्रक भरताना आता त्यांना वर उभं करतात, खालचे विचारतात कुठे लावू. अजूनही पैलवानच म्हणतात. ऑपरेशन कसलं होतं, ते त्यांनी तिथे कुणालाच सांगितलेलं नाही, आणि मीही कधी सांगा म्हटलं नाही. बाटली बरोबर होती. रेघा पुसट झाल्या होत्या, नव्याने मारलेल्या नव्हत्या.