मंगोलियातील भटक्या पशुपालकांसाठी आरोग्यसंस्था एकत्र कशा काम करतात?

या व्यवस्थेचा पाया म्हणजे ‘बाग’ या सर्वांत लहान प्रशासकीय विभागातला फेल्डशर, म्हणजे दूरदूर विखुरलेल्या तंबूवजा गेरांपर्यंत जाऊन उपचार करणारा वैद्यकीय सहायक. गंभीर रुग्णाला तो ‘सुम’ या ‘बाग’पेक्षा मोठ्या प्रशासकीय विभागाच्या आरोग्यकेंद्रात पाठवतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने चालणारे फिरते दवाखानेही याच केंद्रांशी जोडलेले आहेत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मानवी आरोग्य आणि पशुवैद्यक विभागांतील सहकार्य, कारण ब्रुसेलोसिस हा जीवाणूंमुळे होणारा तापाचा आजार जनावरांकडूनच माणसांत येतो. २०१९ मध्ये बायान-उल्गी प्रांतात मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचे कच्चे मांस खाल्लेल्या दांपत्याचा प्लेगने मृत्यू झाला, तेव्हा संपर्कातील १०० हून अधिक लोक शोधून त्यांना विलगीकरणात ठेवावे लागले. असे काम कोणत्याही एका खात्याच्या आवाक्यातले नाही.