नेव्ह म्हणजे सभामंडप, पण चान्सल म्हणजे गाभारा नव्हे

प्रश्न असा आला आहे. इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचं वर्णन मराठीत आणायचं आहे. मूळ मजकुरात नेव्ह, चान्सल, आइल, टॉवर, पोर्च आणि लिचगेट हे शब्द आहेत. नेव्ह म्हणजे चर्चमध्ये लोक जमतात तो मुख्य भाग, चान्सल म्हणजे त्यापुढचा वेदीचा भाग; बाकीचे पुढे ओघाने येतील. विचारणाऱ्यांनी केलेला मसुदा असा: "चर्चचं मुख्य दालन 15व्या शतकातलं आहे. गाभारा त्याहून जुना आणि ठेंगणा आहे. उत्तरेची मार्गिका नंतर जोडलेली आहे. पश्चिमेला शिखर आहे." यातला गाभारा बरोबर आहे का, आणि ‘नेव्ह’चा आपल्या ‘नाभी’शी काही संबंध आहे का, अशा दोन शंका त्यांना आहेत.

नाभीची शंका आधी घेतो, कारण ती अगदीच निराधार नाही. इंग्रजीत ‘नेव्ह’ असे दोन वेगळे शब्द आहेत. एक म्हणजे चाकाचा मधला तुंबा. हा जुना जर्मानिक शब्द, आणि त्याचं संस्कृत ‘नाभि’शी नातं खरंच आहे. रथाच्या चाकाच्या तुंब्याला संस्कृतातही नाभीच म्हणतात. पण चर्चचा नेव्ह वेगळा. तो लॅटिन ‘नाविस’वरून आला, म्हणजे जहाज. हा ‘नाविस’ आणि आपला ‘नौ’ एकाच मुळाचे. आपली नाव, नौका, नावाडी ही सगळी त्याचीच भावंडं. तेव्हा शोध चुकला नव्हता, फक्त नाभीऐवजी नावेकडे वळायला हवं होतं. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि आजही सांगताना होतो.

चर्चला जहाज का म्हणावं? चौथ्या शतकात सिरियात संकलित झालेल्या एका धर्मनियमसंग्रहात स्पष्टच सांगितलं आहे की प्रार्थनेची वास्तू लांबट असावी, तिचं तोंड पूर्वेला असावं, म्हणजे ती जहाजासारखी होईल. बिशप हा त्या जहाजाचा तांडेल आणि त्याचे साहाय्यक हे खलाशी, अशी कल्पनाही तिथे आहे. भवसागर तरून जायची भाषा ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे त्यांना यात परकं काही वाटू नये. जर्मनमध्ये आजही चर्चच्या या भागाला ‘शिफ’, म्हणजे जहाजच, म्हणतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. ज्या शेतकऱ्यांनी नि लोकर-व्यापाऱ्यांनी ही चर्चेस बांधली ते ‘नेव्ह’ म्हणत नसत. ते म्हणत ‘चर्चचं अंग’, म्हणजे धड. नेव्ह हा शब्द इंग्रजीत रुळला तो 17व्या शतकात. म्हणून अनुवादात जहाजाची प्रतिमा जपलीच पाहिजे असं नाही. एखाद्या तळटीपेत ती सांगितली तरी पुरे.

आता मराठी शब्द. ‘मुख्य दालन’ चुकीचं नाही, पण ते सरकारी विश्रामगृहातही असतं. मी ‘सभामंडप’ म्हणेन, आणि ते केवळ आकारावरून नाही. मध्ययुगीन नेव्हमध्ये बराच काळ बसायला बाकं नसत, लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत. भिंतीलगत दगडी कट्टा असे, तो म्हाताऱ्या-अशक्तांसाठी. बाकांची चाल सर्रास झाली ती 15व्या शतकात. याच जागेत गावाच्या बैठकी भरत, आणि चर्चच्या खर्चासाठी बिअर विकून पैसा उभा करायचे मेळावेही होत. आपल्या गावच्या देवळात कीर्तन, पारायण, भांडणतंटा आणि वर्गणीचा हिशेब हे सगळं जिथे होतं तो सभामंडप. शब्दामागचं जगणं इतकं जुळत असेल तर दुसरा शब्द शोधायचं कारण नाही.

वर्गणीवरून आठवलं. सफकमधल्या लाँग मेलफर्डच्या चर्चचा नऊ खणांचा सभामंडप 15व्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या व्यापारातल्या पैशावर उभा राहिला. त्याच्या वरच्या खिडक्यांच्या रांगेजवळ, बाहेरून, दगडात गारगोटी बसवून देणगीदारांची नावं आणि ‘यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती लिहिलेली आहे. आपल्याकडे पायरीपायरीवर आणि फरशीफरशीवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ कोरलेलं असतं, तीच ही भावना. ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थलीचमध्ये तर लोकर-व्यापाऱ्यांच्या पितळी स्मृतिपत्र्यांवर त्यांच्या पायांखाली मेंढी आणि लोकरीचं गाठोडं कोरलं आहे.

वर मी सहज ‘खण’ म्हणून गेलो. इंग्रजीत दोन खांबांमधल्या अंतराला ‘बे’ म्हणतात आणि अनुवादात त्याचे उपसागर, कप्पे, विभाग असे हाल होतात. वाड्याच्या भाषेत आपण पाच खणी माजघर म्हणतो, तोच हा खण. छपरासाठीही आढं, वासे, तुळई, कैची हे शब्द हाताशी आहेत. लाकडी छत हा तर इंग्रज सुतारांचा अभिमानाचा विषय. केंब्रिजशरमधल्या मार्च या गावी सेंट वेंड्रेडा चर्चच्या छताला शंभराहून जास्त लाकडी देवदूत पंख पसरून बसले आहेत.

आता गाभारा. इथे मात्र माझा ठाम विरोध आहे. गाभारा म्हणजे गर्भागार. काळोखा, लहान, खिडकी नसलेला, देवाच्या राहण्याचा. चान्सल याच्या अगदी उलट. तो लांब असतो, आणि बहुधा चर्चमधली सर्वांत मोठी खिडकी त्याच्या पूर्वेच्या भिंतीत असते. सकाळचं ऊन थेट वेदीमागून आत येतं. तिथे मूर्तीची वस्ती नाही, तिथे वेदी आहे आणि वेदीपुढे चालणारा विधी आहे. ‘गाभारा’ वाचला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समई आणि तेलकट काळोख उभा राहतो. त्या शब्दाने चर्चमधला दिवाच मालवला जातो.

मग चान्सल म्हणजे मुळात काय? लॅटिन ‘कांकेल्ली’, म्हणजे जाळी, आडव्याउभ्या पट्ट्यांचा कठडा. आपण तुरुंगाला ‘गजाआड’ म्हणतो तसं जाळीपलीकडच्या जागेला जाळीचंच नाव पडलं. अशाच जाळीजवळ, रोमन न्यायालयात, जो कारकून-द्वारपाल उभा असे तो पुढे वाढत वाढत ‘चॅन्सलर’ झाला, ज्याला विद्यापीठात आपण कुलपती म्हणतो. आणि लिहिलेल्या मजकुरावर आडव्याउभ्या रेघा ओढून जाळी केली की तो ‘कॅन्सल’ झाला. बँकेत कर्जासाठी ‘कॅन्सल चेक’ देताना आपण त्यावर ज्या दोन रेघा मारतो, त्या या चर्चच्या जाळीच्या नात्यातल्या.

ती जाळी इंग्लंडात खरोखर होती. सभामंडप आणि वेदीच्या भागामध्ये कोरीव लाकडी जाळी, तिच्यावर चालण्याजोगी अरुंद माडी, आणि माडीवर क्रुसावरचा ख्रिस्त, बाजूंना मरिया आणि योहान. क्रुसाला जुन्या इंग्रजीत ‘रूड’ म्हणत, म्हणून ती ‘रूड स्क्रीन’. मी तिला ‘क्रुसाची जाळी’ म्हणतो. धर्मसुधारणेत, 1547-48च्या सुमारास, वरच्या मूर्ती उतरवल्या गेल्या, आणि 1561 साली एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने माड्याही गेल्या. खालची जाळी ठेवायला मुभा होती, म्हणून ती अनेक ठिकाणी उरली. कित्येक चर्चमध्ये माडीवर जायचा भिंतीतला चिंचोळा जिना अजून आहे. तो चढून गेलं की पुढे काहीच नाही, हवेत उघडणारं एक दार.

सफकमधल्या वेनहॅस्टन गावची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जाळीच्या वर, कमानीच्या पोकळीत, अंतिम न्यायाच्या दिवसाचं मोठं चित्र लाकडी फळ्यांवर रंगवलेलं असे. तिथल्या फळ्यांना चुना फासून टाकला होता. 1892 साली दुरुस्तीत त्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या, पाऊस आला, चुना धुऊन गेला आणि खालून रंग वर आले. त्या चित्रात मधे क्रुसाच्या आणि दोन माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत, कारण तिथे एके काळी मूर्ती बसवलेल्या होत्या. मूर्ती गेल्या, त्यांची सावली फळीवर राहिली.

जाळी ही फक्त धार्मिक सीमा नव्हती, खर्चाचीही सीमा होती, आणि शब्द निवडताना माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचं आहे. वेदीच्या भागाची डागडुजी रेक्टरने, म्हणजे त्या चर्चचं उत्पन्न ज्याच्याकडे जाई त्या मुख्य धर्मगुरूने करायची आणि सभामंडपाची गावकऱ्यांनी, ही वाटणी इंग्लंडात 13व्या शतकापर्यंत पक्की झालेली होती. रेक्टरला त्यासाठी धान्याचा दशांश मिळे. पुष्कळदा रेक्टर म्हणजे दूरचा एखादा मठच असे, मग गावात त्याच्या वतीने ‘व्हिकर’ काम पाही. व्हिकर म्हणजे बदली, आपल्या जुन्या दफ्तरातला मुतालिक. आता मसुद्यातलं ‘जुना आणि ठेंगणा’ याचा उलगडा होतो. लोकरीवर गाव श्रीमंत झालं, गावकऱ्यांनी आपला सभामंडप उंच, रुंद, खिडक्यांनी भरलेला बांधून घेतला, पण जाळीपलीकडे खर्च करायला दूरच्या मठाला उत्साह नसे. एकाच वास्तूची दोन छपरं, दोन उंच्या, दोन शतकं. बाहेर उभं राहून पाहिलं तरी कोणाची तिजोरी कुठे संपली ते दिसतं.

आणि ही वाटणी नुसती इतिहासजमा झालेली नाही. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ मोडले, त्यांच्या जमिनी आणि दशांशाचे हक्क खाजगी लोकांकडे गेले, आणि त्याबरोबर वेदीच्या भागाच्या दुरुस्तीचं ओझंही जमिनीला चिकटून गेलं. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कॅन्टलो गावच्या चर्चबाबत हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2003 साली तिथे निकाल लागला तो ज्या शेताला हे ओझं चिकटलं होतं त्याच्या मालक कुटुंबाच्या विरुद्ध. पुढे दुरुस्तीची रक्कम ठरली ती 1 लाख 86 हजार पौंडांहून अधिक. नेव्ह कुठे संपतो आणि चान्सल कुठे सुरू होतो हा त्या कुटुंबासाठी नुसता शब्दांचा प्रश्न नव्हता.

म्हणून चान्सलला मी ‘वेदीघर’ सुचवतो. देवघर, माजघर यांच्या चालीवरचा, उच्चारायला सोपा, आणि मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘वेदी’ रुळलेलीच आहे. तोच धागा पकडून ‘पॅरिश’साठी वसईच्या ख्रिस्ती मराठीतला ‘धर्मग्राम’ घ्यावा. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचं गाव, आणि तिथल्या लोकांनी तो शब्द वापरून वापरून मऊ केला आहे. चालू शब्द असताना कोशातून ‘परगणा’ किंवा ‘धर्मविभाग’ उकरून काढण्यात काय अर्थ?

आइलचं ‘मार्गिका’ होतं ते विमानातल्या आइल सीटमुळे. मूळ लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. आइलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जो मुका ‘एस’ आहे तो बेटाच्या शब्दाशी गल्लत होऊन शिरला. चर्चमध्ये आइल म्हणजे खांबांच्या पलीकडची बाजूची लांब जागा, वाट नव्हे. वधू ‘आइलमधून’ चालत जाते म्हणतात, पण ती बहुतेकदा नेव्हच्या मधोमध चालते! पंखावरून ‘पाखं’ शब्द मनात येतो, तोही ‘पक्ष’वरूनच आलेला. पण पाखं म्हणजे छपराची उतरती बाजू, तेव्हा गोंधळ होईल. माझी पसंती ‘पडवी’ला. गाव वाढलं की सभामंडपाची भिंत फोडून तिथे कमानींची रांग घालत आणि बाहेर एकपाखी उतरतं छप्पर टाकत. यालाच आपण पडवी काढणं म्हणतो. पडवी अर्धी उघडी असते आणि आइल बंद, एवढा फरक ‘आतली पडवी’ म्हटलं की भरून निघतो.

शिखर नको. शिखर गाभाऱ्यावर चढतं, देवाच्या डोक्यावर. इंग्लिश धर्मग्रामातल्या चर्चचा टॉवर बहुधा पश्चिम टोकाला असतो, वेदीपासून सर्वांत दूर, आणि त्यात घंटा असतात. त्याला मनोरा म्हणावं. मनोऱ्यावर टोकदार स्पायर असेल तर ‘सुळका’. लिंकनशरमधल्या लाउथचा सुळका 1515 साली पुरा झाला, जमिनीपासून सुमारे 287 फूट. त्याला कळस म्हटलं तर वाचक छोटासा सोनेरी कलश पाहील.

पोर्चला ‘देवडी’. वाड्याच्या देवडीत दोन्ही बाजूंना बसायच्या जागा असतात, तशाच या पोर्चमध्ये दगडी बैठका असतात, आणि मध्ययुगात लग्नाचा पहिला भाग याच दाराशी लागे.

राहिला लिचगेट, आवाराच्या तोंडाशी असलेलं छपराचं दार. ‘लिच’ म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. अंत्ययात्रा इथे थांबे, तिरडी खाली ठेवली जाई आणि धर्मगुरू समोर येऊन तिला आत नेत. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर तिरडी टेकवतात त्या जागेला विसावा म्हणतात. हा शब्द मला सुचला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. लिचगेट म्हणजे ‘विसाव्याची वेस’.

तेव्हा तुमचा मजकूर मी असा लिहीन: "विसाव्याच्या वेशीतून आत शिरलं की दक्षिणेची देवडी समोर येते. सभामंडप 15व्या शतकातला, गावकऱ्यांनी आपल्या पैशाने उंच करून घेतलेला. वेदीघर त्याहून जुनं आणि ठेंगणं. उत्तरेची पडवी मागाहून काढलेली. पश्चिमेला घंटांचा मनोरा."