मैदानावरून: यंदा आपली पोरं कुठवर जातील?

प्रश्न : मॅडम, मी तुमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. गेल्या वर्षी आपला फुटबॉल संघ विभागातल्या दुसऱ्याच सामन्यात पेनल्टीवर बाद झाला. यंदा काही आशा, की परत ‘खेळले हो चांगले’ एवढंच ऐकायचं?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : आशा आहे, आणि त्यातली निम्मी पंचांगाने दिलेली आहे. हसू नका. यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि पुढचे सगळे सण लांबले. गणपती १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की माझ्या सरावाला गळती. कुणाच्या घरी रंगकाम, कुणाला गणपतीवरची माटवी (फळाफुलांचं छत) सजवायची, कुणाचे चाकरमानी यायचे. चतुर्थीनंतर तर अर्धा डिफेन्स भजनात टाळ वाजवत बसलेला! यंदा अख्खा ऑगस्ट माझ्या हातात आहे.

दुसरी गोष्ट होड्यांची. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आमचे दोन फॉरवर्ड आणि स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मच्छीमारांच्या घरचे, त्यामुळे या दोन महिन्यांत मी बोलावीन तेव्हा हजर. मग ऑगस्ट उजाडला की बापाचा फोन येतो, “मॅडम, पोराक सोडा, होडी सुटतली.” मी वाद घालत नाही. घरचा माणूस आला नाही तर खलाशी पैसे मोजून आणावा लागतो, आणि ते पैसे काही माझा जिमखाना देणार नाही. पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे पाळणारी घरं अजून आहेत, आणि यंदा नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे. त्या घरांतली पोरं मला चार आठवडे जादा मिळतील.

आता संघाबद्दल. स्टॉपरचा थ्रो-इन बघायला एकदा या. लहानपणापासून जाळं ओढून खांदे असे झालेत की बाजूच्या रेषेवरून फेकलेला चेंडू सरळ गोलच्या तोंडाशी पडतो. एरवी बॅकच्या पलीकडे आधीच उभ्या असलेल्या फॉरवर्डला चेंडू दिला की ऑफसाइड धरतात, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. समोरच्या संघाला हे कागदावर माहीत असतं, पण चेंडू पडेपर्यंत त्यांचे बॅक हात वर करून लाइन्समनकडे बघत राहतात. एवढ्यात आमचा उंच फॉरवर्ड डोकं लावून मोकळा. सरावात रोज यावर वीस मिनिटं घालवते.

दुखणं मधल्या फळीत आहे. गेल्या वर्षीचे दोघे टी.वाय. होऊन मुंबईला नोकरीला लागले. त्यांच्या जागी आलेली एफ.वाय.ची पोरं टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेली. लांब मारायचं आणि मग बघत राहायचं, ही सवय. चेंडू पायाशी येण्याआधी एकदा मागे वळून बघ, एवढं शिकवता शिकवता आषाढ सरेल. त्यातून आमचं मैदान जांभ्याच्या सड्यावरचं, उंच खडकाळ पठारावरचं. पाणी झटकन निचरतं आणि चेंडू सुसाट पळतो. सामना लागतो तो बहुधा खालच्या मळ्यातल्या चिखलात, तिथे तोच पास अर्ध्यात रुतून बसतो. म्हणून आठवड्यातून दोनदा ओहोटीच्या ओल्या वाळूवर नेते. पाण्याजवळ नाही, या दिवसांत समुद्राशी मस्करी नको. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे सरावाची वेळही सरकते, आणि पोरांना ते बरोबर कळतं. लेक्चरची वेळ मात्र लक्षात राहत नाही.

पेनल्टीचं विचारलंत. यंदा पेनल्टी सरावाच्या शेवटी मारतो, पाय मोडून आल्यावर. ताज्या पायाने अकरा मीटरवरून कुणीही मारतं.

तर माझा अंदाज : विभागात उपांत्य फेरी नक्की, अंतिम फेरी गाठली तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यापुढे टर्फवर वर्षभर खेळलेली मुंबईची कॉलेजं समोर आली, तर पहिल्या हाफमध्ये आम्ही त्यांना दमवू. दुसऱ्या हाफबद्दल आत्ता काही लिहीत नाही, पोरं हे सदर वाचतात.

प्रश्न : माझा मुलगा तुमचा गोली (गोलकीपर) आहे. वर्ल्डकप सुरू झाल्यापासून रात्र रात्र जागतो आणि सांगतो की मॅडमनीच बघायला सांगितलंय. खरं का?
– एक आई, मालवण

उत्तर : एक सामना बघ म्हटलं होतं, १०४ नाही! त्यातही फक्त गोली बघायचा होता. कारण नियम बदललाय. पूर्वी गोलीने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर इनडायरेक्ट फ्रीकिक मिळायची, पण रेफ्री ती सहसा देत नसत. २०२५-२६ पासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आणि ती ओलांडली तर समोरच्यांना थेट कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. तुमच्या चिरंजीवांना चेंडू पोटाशी धरून, मोजे वर ओढून, मग सावकाश सगळ्यांना ‘वर जा, वर जा’ करायची सवय आहे. एक गोल वाचवून मागोमाग कॉर्नर दिला तर काय उपयोग? १९ जुलैला फायनल झाली की त्याला दहाला झोपवा. आणि त्याचे हातमोजे चुलीजवळ वाळवू नका, तळव्याचं रबर कडक होतं आणि चेंडू निसटतो. मागचा जोड असाच गेला.

प्रश्न : मुलींचा संघ कधी?
– एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : नियमाप्रमाणे सात जणी असल्या तरी सामना सुरू होतो. सध्या पाच येतात. मैत्रिणीला घेऊन ये, शिनगार्ड मी देते.

प्रश्न : इथे घाम गाळण्यापेक्षा मुलाला सरळ गोव्यातल्या क्लबात घातला तर?
– एक पालक, सावंतवाडी

उत्तर : खेळ चांगला असेल तर जरूर घाला. बांद्याच्या पलीकडे, गोव्यात, गावागावात मैदान आहे आणि संध्याकाळी ते भरलेलं असतं; आपल्याकडे मैदान असलं तर त्यावर क्रिकेटचं पिच. फक्त दोन गोष्टी बघा. बाराव्या वर्षी घातलात तर शिकेल, एकोणिसाव्या वर्षी बाकावर बसून परत येईल. आणि तो मुलगा आमचा लेफ्ट विंगर असेल, तर कृपा करून ऑक्टोबरनंतर न्या.