प्राचीन इस्राएली लोक सुरुवातीपासूनच एकेश्वरवादी होते का?

नाही, निदान सगळे तरी नाहीत. बायबलमधल्या दहा आज्ञांत ‘माझ्याखेरीज दुसरे देव नकोत’ असं बजावलंय. दुसरे देव नाहीतच, असं ती आज्ञा म्हणत नाही. त्यांच्या नादी लागू नका, एवढंच. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद या ठिकाणी १९७५-७६ च्या उत्खननात इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठाले रांजण सापडले. एकावर शाईने आशीर्वाद लिहिलाय: शोमरोन शहराचा यहोवा (इस्राएलींचा देव) ‘आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने! ही अशेरा देवी की तिचा पवित्र खांब, यावर अभ्यासकांत अजून जुंपते. (मला तरी देवीच वाटते.) यरुशलेमच्या मंदिरातली अशेरा योशीया राजाने बाहेर काढून जाळली, हे तर बायबलच सांगतं. दुसरा देव मुळी नाहीच, हे ठणकावून येतं ते बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ४४-४५ व्या अध्यायांत. बहुतेक अभ्यासक ते बाबेलच्या बंदिवासातले, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकात यहुद्यांना बाबेलला (बॅबिलोनला) नेलं होतं तेव्हाचे, मानतात.