हळदीचा सौदा फोनवर टिपताना

प्रश्न : मी सांगलीतील एका साप्ताहिकासाठी बातम्या लिहितो. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्याचे फोनवर चित्रण केले. पण शेतकऱ्याचे बोलणे गोंगाटात बुडाले आणि चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसले. महागडा फोन घ्यावा काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फोन बदलू नका. फोन कितीही भारी असला, तरी गलक्यात चार हातांवरून बोलणाऱ्या माणसाचा शब्द तो नेमका उचलू शकत नाही. म्हणून पैसे घालायचेच असतील, तर साध्या कॉलर माइकमध्ये घाला. तो शेतकऱ्याच्या सदऱ्याला हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, बोली संपल्यावर पोत्यांच्या थप्पीच्या आडोशाला बसून बोला आणि फोन विमान मोडवर ठेवा, म्हणजे मध्येच आलेल्या कॉलने चित्रण तुटणार नाही. सौद्याचा गलका मिनिटभर वेगळा नोंदवून ठेवा. जोडणी करताना तो हमखास लागतो.

पट्ट्यांचे कारण दिव्यांत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवल्यास पट्टे बहुधा जातात.

आता चित्रांविषयी. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, तेव्हा शेतकऱ्याची नजर त्या बोटांवर खिळलेली असते. माझ्या मते आपली बातमी तिथे आहे, गर्दीच्या दृश्यात नाही. झूम न करता दोन पावले पुढे जा. आधी बोटे, मग शेतकऱ्याचा चेहरा आणि शेवटी सारा सौदा, असे प्रत्येक दृश्य फोन न हलवता दहा सेकंद टिपा. त्याच्या मालाचा भाव दाखवण्यापूर्वी त्याला अवश्य विचारा, कारण ती त्याची वर्षाची कमाई आहे.

हीच शिस्त पुरातही पाळावी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असल्याने, नुसते पाणी दाखवण्याऐवजी सुरक्षित जागेवरून मोजपट्टीवरील आकडा टिपा आणि तारीख व वेळ स्वतःच्या आवाजात सांगा. म्हणजे २०१९च्या महापुराची चित्रफीत आजची म्हणून कोणी फिरवली, तर आपल्याला फरक दाखवता येईल. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली चित्रफीत दाबली जाऊन तिचा दर्जा घसरतो, त्यामुळे संपादकांना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ प्रत फोनमधून पुसू नका.